भाजी घरपोच

वाघोडियाच्या कारखान्यात मी बिघाडांच्या नोंदी तपासतो. नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतो, ‘काय बिघडलं’ या रकान्यात उपाय लिहायचा नाही. कुणी ‘पंप बदलणे’ असं लिहून आणलं की मी कागद परत करतो. बदलायचं आधीच ठरवलंत, तर बिघाड शोधणार कोण?

आई दर गुरुवारी सुभानपुऱ्याहून रिक्षाने खंडेराव मार्केटला जायची. भेंडीचं टोक स्वतः मोडून पाहिल्याशिवाय तिला भाजी पटत नसे. एका गुरुवारी ती गेली नाही. पुढच्याही नाही.

“भाजीत काही राम राहिला नाही,” ती म्हणाली.

“मग मी मोबाइलवरून मागवतो. घरपोच येईल.”

“मागव.”

दुसऱ्याने आणलेल्या भाजीला जन्मभर नावं ठेवणारी बाई इतक्या सहज ‘मागव’ म्हणाली, आणि मला प्रश्न सुटल्याचं समाधान वाटलं. पुढे तिने गच्चीवर कपडे वाळत घालणं सोडलं, तेव्हा मी बाल्कनीत दोरी बांधली. ती भजनाला जाईना, तर तिला मोबाइलवर भजनं लावून दिली.

“तू तर मला महाराणीच करून ठेवलंस रे,” ती हसत म्हणाली. हसता हसता मध्येच थांबली. मी दोरी ताणून बघत होतो.

एका सकाळी स्वयंपाकघरातून बाहेर येताना ती जमिनीवर बसली, ती उठेना. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “जिना चढताना दम लागतो का यांना?”

“जिना चढावाच लागत नाही,” मी म्हणालो. “सगळं घरी येतं.” तेव्हाही माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

डॉक्टर तिच्याकडे वळून गुजरातीत म्हणाले, “माजी, तमे कहो.”

“सात-आठ महिने झाले,” ती म्हणाली. माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “मार्केटच्या पायरीवर बसावं लागायचं. याला सांगणार होते. तोवर भाजी घरी यायला लागली.”

हृदय फार थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. नवव्या दिवशी ती गेली.

भेटायला येणारे अजून म्हणतात, तुम्ही आईचं फार केलंत हो, तिला एक पायरीसुद्धा उतरू दिली नाहीत. हे खोडून काढायला हवं, हे मला कळतं. आजवर एकदाही मी ते खोडून काढलेलं नाही.