घोषणाताईंचं बोलकं पोट

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमची संस्था अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करते आणि मी तिथला रेकॉर्डिंगवाला. काचेच्या अलीकडे मी, कानाला हेडफोन. पलीकडे वाचणारा माणूस आणि माइक. वाचणारा चुकला, पान सळसळलं, खुर्ची करकरली, की मी बटण दाबून एकच शब्द म्हणतो, "पुन्हा." बारा वर्षांत एवढ्या एका शब्दाने मी भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणलेत.

घोषणाताईंवर ही वेळ फारशी यायची नाही. बस स्थानकावर सव्वीस वर्षं गाड्यांच्या घोषणा करून त्या निवृत्त झाल्या, म्हणून हे नाव. आवाज असा की रासायनिक समीकरणसुद्धा ऐकत बसावं. शिवाय तयारी! पुस्तकात आकृती आली की तिचं वर्णन त्या स्वतः लिहून आणायच्या. आणण्याआधी घरी काकांच्या, म्हणजे यजमानांच्या, डोळ्यांवर रुमाल बांधायच्या, वर्णन वाचून दाखवायच्या आणि त्यांना आकृती काढायला लावायच्या. काकांचं चुकलं तर दोष वर्णनाचा. काका बिचारे साठी उलटल्यावर बेडकाची पचनसंस्था काढायला शिकले. असं काम करणारा दुसरा माणूस मला दाखवा, मी नोकरी सोडतो.

यंदा दहावीचं विज्ञान हाती घेतलं. सूत्रं आणि आकडे, त्यामुळे माझं "पुन्हा"ही वाढलं. आणि पहिल्याच महिन्यात ताईंचं पोट बोलायला लागलं. आधी बारीक कुरकुर, मग चांगली दणदणीत गुडगुड, आणि पाठोपाठ अशी कळ की त्या टेबलाची कड घट्ट धरायच्या. आमचा माइक श्वासाचा आवाजही सोडत नाही, पोट काय सोडणार? मी बटण दाबायचो. "पुन्हा." पोट परत गुडगुडायचं. "पुन्हा." एकेका पानाला अर्धा तास जायला लागला.

"स्टँडवर हे पोट किती बोललं असेल रे," ताई हसून म्हणाल्या. "पण तिथे इंजिनांच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार?"

मला हसू येत नव्हतं. मी शहाणपणा केला. म्हटलं, "ताई, उपाशी पोटी या. आत काही नसलं तर वाजेल काय?" त्या खरंच सकाळपासून काही न खाता आल्या. अहो, रिकामं पोट जास्त ओरडतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, मला कळलं नाही! त्या दिवशी अडीच पानं झाली आणि ताई जिन्यात घेरी येऊन बसल्या. काका रिक्षा घेऊन न्यायला आले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

इकडे प्रमुख बाईंनी मला बोलावलं. "पुस्तक पुढच्या महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत हवं. नाही जमलं तर दुसरा आवाज घ्या." आता आमचा नियम असा की अर्ध्यात आवाज बदलायचा नाही, मुलं गोंधळतात. म्हणजे नवीन माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करणार. ताईंची दोनशे दहा पानं कचऱ्यात, आणि मुलांना परीक्षेआधी पुस्तकच नाही. ताईंना हे सांगितलं तर त्या फक्त म्हणाल्या, "मुलांचं वर्ष जाता कामा नये."

दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या. दोष काही निघाला नाही. डॉक्टर म्हणाले, पोट ठीक आहे, पण तुमचा सगळा ताण ते झेलतंय. त्यांनी ताईंना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवलं, आणि त्यांनी म्हणे श्वास घ्यायला शिकवलं.

"श्वास?" माझं डोकं फिरलं. "जन्मल्यापासून घेताय की!"

"चुकीचा घेतेय. सव्वीस वर्षं ताठ बसून, पोट आत ओढून बोलले. पोटाला कधी सैल सोडलंच नाही."

मग रोज सकाळ-संध्याकाळ त्या जमिनीवर उताण्या पडायच्या आणि पोटावर तेच विज्ञानाचं पुस्तक ठेवायच्या. श्वास आत घेताना पुस्तक वर आलं पाहिजे, सोडताना सावकाश खाली, सोडायला जास्त वेळ. नंतर पायाच्या बोटांपासून सुरुवात करायची: आवळायचं, सोडायचं. पोटऱ्या, मुठी, खांदे, शेवटी जबडा. पहिल्या आठवड्यात पुस्तक जागचं हललं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांना मधेच झोप लागली आणि काकांनी वर पांघरूण घातलं. तिसऱ्या आठवड्यात पुस्तक हलायला लागलं. जेवणही त्या आता वेळेवर, सावकाश चावून घ्यायला लागल्या.

स्टुडिओतही आल्या आल्या दहा मिनिटं डोळे मिटून बसायच्या. मी घड्याळाकडे बघत आतल्या आत चरफडायचो. पण खोटं कशाला बोलू, पानं भराभर व्हायला लागली. गुडगुड थांबली नव्हती, कळही अधूनमधून यायची. फरक एवढाच की कळ आली की ताई टेबल धरायच्या नाहीत. एक हात वर करून मला थांबवायच्या, पाचसहा श्वास घ्यायच्या आणि पुढचं वाक्य वाचायच्या.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, मी जुन्या रेकॉर्डिंगमधले आवाज साफ करत बसलो होतो. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, गुडगुड कुठे आहे ते डोळ्यांनी कळतं. आठदहा गुडगुडी काढून झाल्यावर माझ्या लक्षात यायला लागलं. प्रत्येक गुडगुडीच्या आधी, अर्ध्या मिनिटाच्या आत, माझा आवाज होता. "पुन्हा." मी आणखी तीन दिवसांचं रेकॉर्डिंग काढलं. तेच. एखादं पान मी न टोकता गेलं असेल, तर पोट गप्प. ताईंना आजार मीच देत होतो की हो!

गुरुवारी मी ठरवून बसलो. आज तोंड उघडायचं नाही. ताई वाचत होत्या, पोट शांत होतं. एका प्रयोगात आम्ल सौम्य करायची रीत आली. पुस्तकात होतं, आम्ल पाण्यात घालावे. ताईंनी वाचलं, पाणी आम्लात घालावे. मी ऐकलं. बटणावर बोट गेलं, आणि मी ते मागे घेतलं. म्हटलं, जाऊ दे, नंतर बघू.

दोन ओळी पुढे जाऊन ताईच थांबल्या. चष्मा काढला आणि काचेतून माझ्याकडे बघत राहिल्या.

"अरे, मी उलटं वाचलं. एखादी पोर तसं करायला जाईल आणि आम्ल उडून हात भाजून घेईल. तू गप्प कसा?"

मी हेडफोन काढला, दार उघडून आत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. "ताई, माझं चुकलं. माझ्या ओरडण्यानेच तुमचं पोट बिघडतंय. मी यापुढे टोकणार नाही."

त्यांनी शांतपणे पुस्तक मिटलं.

"मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू आज बसलास तसा गप्प बसला असतास. तुझ्याइतका कान दुसऱ्या कोणाचा आहे इथे? मुलांना तो कान हवा. म्हणून म्हटलं, तुला बदलण्यापेक्षा पोटाला शिकवू."

मला रडू आलं. लपवलं नाही. इतके दिवस ही बाई माझा तापटपणा सोसत जमिनीवर पडून श्वास घ्यायला शिकत होती, आणि मी घड्याळ बघत होतो. "जा आता," त्या म्हणाल्या, "तो परिच्छेद राहिलाय."

पुस्तक शुक्रवारी वेळेत गेलं. आदल्या दिवशी, गुरुवारी, संध्याकाळपर्यंत मी ताईंना अकरा वेळा "पुन्हा" म्हणालो, शक्य तितक्या हळू आवाजात, आणि अकराही वेळा त्यांचा हात पोटावर जाऊन श्वासाबरोबर सावकाश वर-खाली होताना मला काचेतून दिसला.