आमच्या वेगातलं गाणं

इंग्लंडमधल्या एका जुन्या रॉक बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं आमच्याकडे चिंचणीत हळदीला वाजतं. मुंबईत कुणाला हे सांगितलं की माणसं आधी हसतात, आणि मी थट्टा करत नाही हे लक्षात आलं की कुठला बँड ते विचारतात. बँडचं नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल, आणि बाकीच्यांचं नावावाचून काही अडत नाही.

सगळं घडलं ते एका कॅसेटमुळे. मी कॉलेजात असताना जहाजावर नोकरी करणाऱ्या बोर्डीतल्या एका माणसाकडून ती उतरवून घेतली होती. उतरवणारं मशीन सावकाश फिरत असणार, कारण आमच्या टेपवर ती गाणी नुसती पळायची. आम्हाला वाटलं, गोऱ्या लोकांची गायची पद्धतच अशी. माझा मित्र चिंचणीचा. घरची बोट, आणि लग्नसराईत तो बेंजो पार्टीत वाजवायचा. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेली पेटी. डाव्या हाताच्या बोटांनी बटणं दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. गाण्यातला गिटारचा मोठा तुकडा त्याने ऐकून ऐकून बेंजोवर बसवला आणि एका हळदीत वाजवून टाकला. आमच्या पळणाऱ्या टेपच्या वेगात तो हळदीच्या ठेक्यावर इतका चपखल बसला की नवरदेवाच्या मावश्यांनी पुन्हा पुन्हा मागितला. मग दुसऱ्या पार्ट्यांनी उचलला, आणि त्या सुरावर नाचलेली पोरं आता आपल्या पोरांच्या हळदीत नाचतात.

खरा वेग मला फार उशिरा कळला. वापीच्या एका दुकानात ते गाणं लागलं होतं. मी दुकानदाराला म्हटलं, "शेठ, सेल उतरलेत तुमच्या मशीनचे." त्याने मशीनची वायर भिंतीत कुठे लावली आहे ते दाखवलं आणि आतली चकचकीत सीडी काढून माझ्यासमोर धरली. घरी येईपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आयुष्यभर आपण चुकीचं वाजवलं, हे मी मोठ्या गंभीरपणे मित्राला सांगितलं. तो जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "मग त्यांनी हळू वाजवलं आसंल. त्याला आपण काय करनार?"

त्या बँडचे भक्त आमच्या बाजूला बरेच निघाले. दर हिवाळ्यात बोर्डीच्या माझ्या चिकूच्या वाडीत सगळे जमतो आणि त्या गाण्यांचा कार्यक्रम करतो. डहाणूचे, उंबरगावचे, काही थेट मुंबईहून. ड्रमवर वेवजीचे एक शाळामास्तर, बास गिटारवर मी, आणि मधोमध माझा मित्र बेंजो घेऊन. मुंबईहून एक गिटारवाला येतो. हात सोन्याचा, पण दरवर्षी त्याची एकच कटकट: "एकदा तरी ओरिजिनल स्पीडला वाजवा." आणि दरवर्षी मी त्याच्या अंगावर जातो. आमचं चुकलेलं असेल, पण ते आमचं आहे, असं माझं म्हणणं. वाद घालायला मला तशीही फार कारणं लागत नाहीत.

गेल्या वर्षी मित्राचा डावा हात बोटीच्या आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. बाकी सगळं निभावलं, पण मधलं बोट पूर्ण वाकेना. त्याने बेंजो कोपऱ्यात ठेवला, वर बायकोची जुनी साडी टाकली आणि लग्नांच्या सुपाऱ्या घेणं बंद केलं. त्याची बायको डहाणूच्या बाजारात मासळी विकते. तिने एक दिवस मला टोपलीजवळ थांबवलं. "भावजी, तो बेंजो विकायचं म्हनतोय. हात नाय चालला ते चालंल मला. पन पेटी घरातून गेली, तर हा मानूस दिवसभर समुद्राकडं बघत बसंल." तिला घाबरलेली मी प्रथमच पाहिली.

हिवाळ्यातल्या कार्यक्रमाच्या तालमीला मी त्याला जवळजवळ ओढूनच आणलं. सुरुवात बरी झाली. तुकड्याचा पळता भाग आला आणि ते बोट मागे पडायला लागलं. दोनदा पडलं, तिसऱ्यांदा त्याने नखी खाली ठेवली. गिटारवाल्याला म्हणाला, "तूच वाजव. मी बसतो ऐकत."

गिटारवाला चाचरत म्हणाला, "हळू वाजवलं तर?"

मी भडकलो. तुला हीच संधी पाहिजे होती का, असं बरंच काही बोललो. मित्राने मला हाताने गप्प केलं आणि विचारलं, "किती हळू?"

गिटारवाल्याने मोबाइलवर गाणं लावलं. आमच्या मित्राने ते खऱ्या वेगात कधी ऐकलंच नव्हतं. गरज काय, असं त्याचं म्हणणं असायचं. तो डोळे मिटून शेवटपर्यंत बसला. मग म्हणाला, "परत लाव." संध्याकाळी जाताना बेंजो स्वतः उचलून घेऊन गेला.

कार्यक्रमाला चिंचणीच्या बायका नेहमीप्रमाणे पुढे, पदर खोचून तयार. मास्तरांनी खऱ्या वेगात ठेका धरला. एका मावशीने विचारलं, "सेल उतरले काय रे?" सगळे हसले. मग बेंजो सुरू झाला.

ते बोट तसंच मागे होतं, पण आता सुरांच्या मध्ये त्याला पोचायला वेळ होता. तो एकेक बटण दाबायचा, सूर पुरता विरू द्यायचा आणि मगच पुढे जायचा. गिटारवाला एरवी हातचं राखून वाजवणारा नव्हे, पण त्या दिवशी त्याने मागे फक्त साथ धरली. उभ्या बायका हळूहळू खाली बसल्या. ती सगळी वर्षं मी त्याच्या शेजारी उभा होतो आणि त्याला असं ऐकलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. सांगायला मला लाज वाटत नाही.

गाणं संपलं तेव्हा टाळ्यांमध्ये तो माझ्याकडे वळून म्हणाला, "येवढी जागा होती व्हय रे ह्यात?"

खालून त्याची बायको म्हणाली, "झालं ना त्यांचं? आता आपलं वाजवा." मित्राने गिटारवाल्याला पुढे व्हायची खूण केली. मग ओरिजिनल स्पीडचा तो कैवारी आमच्या चुकीच्या वेगात सुसाट सुटला, जमेल तिथे बेंजो त्याला साथ देत होता आणि वाडीतली धूळ गुडघ्यापर्यंत उडत होती.

दुसऱ्या दिवशी बाजारात त्याची बायको भेटली. मासळीच्या टोपलीवर ओली साडी टाकलेली होती. काठ ओळखीचा वाटला म्हणून मी निरखून पाहिलं. बेंजोवरची ती जुनी साडी.

"घरात आता काय काम हाय तिचं?" ती म्हणाली आणि मला पापलेट दाखवू लागली.