शूर पूर्वजाची बखर

रेल्वेतून निवृत्त झालेल्या सुहासिनी टिपणीस दांडिया बाजारात राहतात. त्यांना मोडी लिपी येते, म्हणून ज्याच्या माळ्यावर जुनं बाड सापडतं तो त्यांच्याकडे येतो. प्रत्येकाचा पूर्वज सेनापतीच असतो, निदान बाड वाचून होईपर्यंत.

गेल्या दिवाळीत देवेश सरनाईक आले. हरणी भागातल्या नव्या बंगल्याची वास्तुशांत होती आणि पाहुण्यांपुढे घराण्याचा पराक्रम वाचायचा होता. पूर्वजाने स्वतःच्या हाताने लिहिलेली बखर त्यांनी रेशमी रुमालातून काढली.

ताईंनी चष्मा पुसून वाचलं, "तोफा सुरू जाहल्या तसे आमचे पोटात कळ आली. ओढ्याकडे गेलो, तो माघारा आलो नाही. तिसरे दिवशी घर गाठले."

"ताई, जरा बरोबर वाचा ने!" देवेशराव गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले.

"बरोबरच आहे. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं."

"इथे थोडी तलवार नाही घालता येणार?"

"नाही. आणि रागावू नका. ते त्या दिवशी लढले असते, तर आज वास्तुशांत कोणी केली असती?"

देवेशराव बाड गुंडाळून निघून गेले. ते पान आता त्यांच्या दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत आहे. वाचता कोणालाच येत नाही, त्यामुळे पाहुणे भक्तिभावाने हात जोडतात.

ताईंना वास्तुशांतीचं आमंत्रण आलं नाही. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. हळहळ वाटली ती पूर्वजाची. इतक्या वर्षांत बखरीत खरं लिहिणारा एकच माणूस भेटला, आणि त्यालाही घरच्यांनी शूर करून टाकलं.