आल्बायच्या पिशव्या

"आल्झो, म्हणजे बघ, आपण त्या गरीब बायकांना वर काढतोय," असं म्हणत ते पिशवी उलटी करायचे आणि आतलं लेबल दाखवायचे. लेबलावर त्यांच्या मुलीचं नाव. पिशवी मात्र फिलिपिन्समधल्या आल्बाय प्रांतातली, अबाका नावाच्या केळीसारख्या झाडाच्या धाग्याने हातांनी विणलेली.

जर्मनीत वाल्डॉर्फला ते आमच्याच इमारतीत राहायचे. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये मॅनेजर. नोकरी सुटली आणि त्यांना एकदम गरिबांचा पुळका आला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंगात चुरगळलेला लिननचा सदरा, गळ्यात शिंपल्यांची माळ आणि वाक्यावाक्याला 'कारागीर'. त्या प्रांतात ते एकदाच गेले होते आणि पोट बिघडल्यामुळे बहुतेक दिवस हॉटेलातच आडवे होते. तरी बोलताना "आमच्या गावात" म्हणायचे.

ते गाव खरं तर मारीसेलचं. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते, हायडेलबर्गच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिची आई आणि मावश्या पिशव्या विणायच्या. सुरुवातीला मारीसेलच सुट्टीवरून येताना त्या यांच्यासाठी घेऊन यायची. नंतर यांनी परस्पर गावाशी संधान बांधलं. मग मारीसेल जिन्यात भेटली की हे मोबाइलमध्ये डोकं घालायचे.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. मी इथे नवीन आले तेव्हा मला जर्मनचा गंध नव्हता. पत्त्याच्या आनमेल्डुंगसाठी, म्हणजे नोंदणीसाठी, हेच माझ्याबरोबर ऑफिसात आले, माझ्या वतीने बोलले. हे आठवलं की त्यांच्यावरचा राग निवायला हवा. माझा वाढतो.

एका उन्हाळ्यात मारीसेलची आई लेकीकडे आली होती. वाल्डॉर्फच्या श्ट्रासेनफेस्टला, रस्त्यावरच्या जत्रेला, आम्ही तिघी गेलो. तिथे यांचा स्टॉल होता. आईंनी एक पिशवी उचलली, तिचा तळ चाचपला आणि स्वतःशीच हसल्या.

"बिट्टे निष्ट आनफासन!" हे खेकसले. हात लावू नका.

आईंनी पिशवी झटकन खाली ठेवली.

"ही माझी आई," मारीसेल म्हणाली. "ही पिशवी तिनेच विणलीय."

मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालेल. छे!

"गेनाऊ! अगदी बरोबर!" ते हर्षाने ओरडले आणि मुलीला म्हणाले, "अगं, फोटो काढ, फोटो!"

मुलगी इथेच वाढलेली. मराठी कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. "पापा, दास इस्ट पाइनलिश," ती पुटपुटली. लाज वाटते, असं म्हणाली, पण तिने फोन काढला. यांनी आईंना जाकीट काढायला लावलं, का तर गावाकडची बाई वाटली पाहिजे. हातात पिशवी दिली. स्टॉलवरची शिंपल्यांची माळ गळ्यात घातली. आईंना वाटलं, आपला सत्कार होतोय. त्या तोंडभरून हसल्या.

फोटो झाला. यांनी माळ त्यांच्या गळ्यातून काढली, रुमालाने पुसली आणि परत खुंटीला अडकवली.

मारीसेल पुढे झाली. तिने आईला जाकीट घातलं, एकेक बटण लावलं आणि हात धरून घरी नेलं.

पुढे ते गृहस्थ झिंडेलफिंगेनला राहायला गेले. आई गावी परतल्या आणि त्या हिवाळ्यात वारल्या. मारीसेलला आईचा हसरा फोटो हवा होता. तसा एकच होता. स्वतः मागायला तिची जीभ रेटेना, म्हणून मी फोन लावला.

"अहो, जत्रेतला मारीसेलच्या आईचा फोटो पाठवता का? त्या गेल्या."

"अरेरे. वेबसाइटवर आहे बघ. पण नुसते हात आहेत. चेहरा कापला आम्ही. लोकांना हात आवडतात."

"मूळचा असेल ना?"

"तो कशाला ठेवतोय? आणि पोरीने फोनही बदलला."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आत काहीतरी हललं असेल. मग त्यांनी विचारलं, "आता तिथे तेवढं बारीक कोण विणतं? विचारशील का जरा तिला?"

मी फोन बंद केला. मारीसेल समोरच बसली होती, हातातला चहा तसाच. तिला मराठी कळत नाही. बोलणं चालू असताना ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"मिळाला?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"हरवलाय," मी म्हटलं. "त्यांनाही फार वाईट वाटलं."