नाच शिकवायला आलेली परदेशी पोरगी

सेनगाव आणि गोरेगावच्या मधे आमचं गाव. मी घरीच शिवणकाम करते. सोयाबीनची रास घरात आली, त्या दिवसांत आमच्या शाळेत एक परदेशी पोरगी आली. पंचविशीची असेल. शाळा सुटल्यावर लेकरांना नाच आणि इंग्रजी शिकवणार, तेही फुकट. तिला घेऊन आलेला संस्थेचा माणूस हे सगळं हात जोडून सांगत होता. तो जितका वाकत होता, तितका मला त्याचा संशय येत होता.

घरी आल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "इतक्या लांबून कुणी फुकट नाच शिकवायला येतं व्हय?"

"त्यांच्याकडची पोरं शिकता शिकता अशी सेवा करतेत म्हणे."

"मंग त्यांच्याकडची लेकरं संपली काय?"

माझी लेक तेव्हा चौथीत होती. ती पहिल्याच दिवसापासून अंगणात इंग्रजी आकडे म्हणत गिरक्या घ्यायला लागली. वेणी घालताना मी तिला रोज खोदून विचारायची, "ती बाई काय विचारते? घरात कोण हाय, काय खाता, असं?"

"न्हाई गं माय. डावा पाय, उजवा पाय, एवढंच म्हणते."

एकदोनदा मी शाळेच्या खिडकीतून डोकावले. ती पोरगी घामाघूम होऊन लेकरांसोबत फरशीवर बसलेली असायची. नाव ठेवायला जागा नव्हती. पण संस्थेच्या त्या माणसाचा मोबाइल सारखा वर असायचा.

एके दिवशी लेकीनं काखेत उसवलेला जुना फ्रॉक मागितला.

"नवा हाय की. काहून?"

"ते संस्थेवाले दादा म्हणले, आज जुनेच कपडे घाला. डोक्याला तेल लावू नका म्हणले."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी तिला चपचपीत तेल लावलं, लाल रिबिनी बांधल्या आणि मीच शिवलेला नवा फ्रॉक घालून पाठवलं. संध्याकाळी ती रडत आली. त्या माणसानं तिला सगळ्यांच्या मागं उभं केलं होतं.

त्याच आठवड्यात हिंगोलीहून भावाचा फोन आला. "तुझी पोरगी मोबाइलवर दिसून राहिली," म्हणाला आणि त्यानं व्हिडिओ पाठवला. शाळेमागच्या उकिरड्याजवळ लेकरं उभी होती, आणि सगळ्यांत मागं माझी लेक, नव्या फ्रॉकात पण अनवाणी. तिच्या पायात चपला होत्या, त्या काढायला लावल्या होत्या, हे तिनंच मग सांगितलं. मागून त्या परदेशी पोरीचा आवाज येत होता. मला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी थेट वर्गात गेले आणि मोबाइल गुरुजींपुढं धरला. "काय म्हणते ही? सांगा बराबर."

गुरुजींनी दोनदा ऐकलं. मग खाली बघत म्हणाले, "ती म्हणते, इथल्या मुली कधी नाचलेल्या नाहीत. घरचे त्यांना नाचू देत नाहीत."

"भुलाबाईच्या टिपऱ्या काय मग हिच्या मायनं खेळल्या? हळदीला आमी नाचतो ते काय?"

"ताई, दमानं घ्या."

ती पोरगी तिथंच उभी होती; त्यांनी तिला इंग्रजीतून विचारलं. ती लाल झाली. येऊन आठवडाच झाला होता, त्या माणसानं जे सांगितलं तेच आपण बोललो, आपल्याला काही माहीत नव्हतं, असं म्हणाली.

"माहीत न्हाई तर बोलली काहून?"

गुरुजी ते सांगायला कचरले, पण माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. ती रडायला लागली. मला पाझर फुटला नाही; रडणं मलाही येतं. व्हिडिओ तिच्याच खात्यावर होता, तो तिनं आमच्यासमोर काढून टाकला. पण भावापर्यंत तो पोचला होता, म्हणजे आणखी किती ठिकाणी पोचला असेल, हे तिलाही सांगता येईना.

त्या माणसाला हे कळल्यावर तो जीपनं आला आणि माझ्या दारात उभा राहून म्हणाला, "वर्ग बंद करतो. नुकसान तुमच्याच लेकरांचं."

"करा," मी म्हणाले.

तो गेला. ती मात्र गेली नाही. सेनगावात खोली घेऊन ती रोज सवाऱ्यांच्या जीपनं यायला लागली. आम्ही चारपाच आयांनी गुरुजींसमोर तिला सांगितलं, की वर्गात मोबाइल आणायचा नाही आणि आमच्यापैकी एक जण कायम बसणार. तिनं मान हलवली. बहुतेक दिवस मीच बसायची, हातात कुणाच्या तरी साडीचा फॉल घेऊन.

एकदा तिनंच टिपऱ्या मागवल्या आणि आम्हाला खेळून दाखवा म्हणून हात जोडले. आयांतली माझी जाऊबाई उठली, मग दुसरी उठली. परदेशी पोरीची टिपरी सारखी चुकायची आणि लेकरं पोट धरून हसायची. मीही हसले. तरी तिच्या पिशवीवरची माझी नजर हटली नाही.

प्रजासत्ताक दिनाला लेकरांनी तिचा नाच केला, टिपऱ्याही खेळल्या. थोड्या दिवसांनी ती गेली. जाताना तिनं मला मिठी मारली. पोरगी वाईट नसावी. पण तिकडं जाऊन आमच्याबद्दल काय सांगते, कोण जाणे.

आता ती कधीमधी व्हिडिओ कॉल करते. लेक मोबाइल भिंतीला टेकवून नवीन गिरक्या दाखवते. पलीकडं आणखी कोणी बसलंय का, हे मी आधी वाकून बघते, आणि फोन बंद होईपर्यंत तिथून हलत नाही.