पाच ईसा आन् तीन

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि एक साधं उदाहरण मला गेल्या महिन्यात सुटलं. सांगायला घरात कुणी नाही, म्हणून इथं लिहिते.

आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखत. दौलताबादच्या पुढच्या माळावर आमचा कळप असायचा. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी उभे राहून ते एकेक मेंढरू आत सोडत. वीस झाली की एक खडा खिशात, मग पुन्हा एकपासून. शंभर हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच. सगळी मोजदाद ईसांत, म्हणजे विसांत.

मी तिसरीत असताना मेंढरांना देवीची लस टोचायची होती. मेंढरं किती, ते आधी गुरांच्या डॉक्टरांना चिठ्ठीवर लिहून द्यायचं. घरात लिहिता येणारी मी एकटीच, त्यामुळे माझा थाट काय विचारता! आबा खडे मोजून म्हणाले, "पाच ईसा आन् तीन." मी ऐटीत पाच लिहिला, त्याच्या शेजारी तीन. डॉक्टरांनी त्रेपन्न वाचलं आणि तेवढीच लस आणली. पन्नास मेंढरं तशीच राहिली. पुढच्या फेरीआधी रोग आला आणि त्यातली सतरा गेली.

पोरगी शिकून चांगलेच दिवे लावतेय, असं चुलते म्हणाले. मी कोपऱ्यात रडत होते. आबांनी मला जवळही घेतलं नाही. चुलत्यांना एवढंच म्हणाले, "म्या बोललो तसंच लिवलंय तिनं. बरोबर हाय त्ये."

बापाची माया, असंच मी धरून चालले.

पण त्या ईसांची मला लाज वाटायला लागली ती कायमची. कॉलेजात असताना मैत्रिणींना घरी नेलं, तेव्हा आबांना आधीच बजावलं, त्यांच्यासमोर तसं मोजू नका. ते बरं म्हणाले. त्यानंतर माझ्यासमोर ते कधीच मोठ्यानं मोजत नसत. तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता स्वतःचाच राग येतो.

सिडकोतल्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. वेळ जात नाही म्हणून मीच गणितं घालते, मीच सोडवते. संख्यापद्धतींचा धडा मी दरवर्षी शिकवला, पण पाया दोन, पाच, आठ, पुस्तकात होते तेवढेच. गेल्या महिन्यात सहज पाया वीस घेतला, म्हणजे दशकाच्या जागी दहांऐवजी विसांचे गठ्ठे, आणि हात ५३ लिहून गेला. पाच गुणिले वीस, अधिक तीन. एकशे तीन.

म्हणजे तिसरीतल्या त्या चिठ्ठीवरचं ५३ आबांच्या मोजणीत खरंच बरोबर होतं. मग सवयीनं पडताळा घेतला. आपल्या दहाच्या पद्धतीत अंकांची बेरीज केली की नऊनं भागल्यावरची बाकी कळते, तशी विसाच्या पद्धतीत एकोणिसानं भागल्यावरची. पाच नि तीन आठ. एकशे तीन भागिले एकोणीस, बाकी आठच. आबा पडताळ्यालाही उतरले.

फोन हातात घेतला, पण लावणार कुणाला? आबांना जाऊन नऊ वर्षं झाली, चुलतेही नाहीत. शेजारच्या बाईंना सांगून पाहिलं. त्यांनी बीपीची गोळी घेतली का विचारलं.

त्या संध्याकाळी दूध घेऊन येताना जिन्याच्या पायऱ्या मोठ्यानं मोजल्या. दोन ईसा आन् चौदा. कुणीतरी बरोबर हाय म्हणावं म्हणून दारात जरा थांबले. मग कुलूप काढलं.