प्रार्थनेत कोणी अडवत नाही

बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला आणि आमच्या घरात एक कायदाच होऊन बसला: मरणाचं नाव काढायचं नाही. आम्ही मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. बाबा एसटीत ड्रायव्हर, त्यांच्या बदलीबरोबर पनवेलला आलो आणि इथलेच झालो. एक्स्प्रेस-वे नवा होता तेव्हाची ही गोष्ट. दर बुधवारी आमच्या चर्चची मंडळी बाहेरच्या खोलीत प्रार्थनेला जमायची. पाळकसाहेब कोन गावाहून स्कूटरवर यायचे. "बरे झालेच आहेत असं धरून आभार माना," म्हणायचे. आम्ही मानायचो, आणि ते इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरचे लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे.

बाबा मात्र अधूनमधून काही सांगू बघायचे. "मी गेल्यावर..." एवढं तोंडातून निघायचा अवकाश, आई डोळे वटारायची. "अविश्वासाचं बोलू नका!" मीही तिचीच री ओढायचे. खरं तर आम्ही दोघी पार भेदरलो होतो आणि त्या भीतीलाच विश्वास म्हणत होतो. बाबा नुसते हसायचे. घाटात मागून कोणी कितीही हॉर्न वाजवला तरी हा माणूस कधी चिडला नव्हता, तो आमच्यावर काय चिडणार?

एका बुधवारी पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना बाबांना करायला सांगितली. आमच्यात प्रार्थना करणाऱ्याला कोणी मधे अडवत नाही. बाबांना ते चांगलं ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटले.

"बापा, बरं केलंस तर तुझी कृपा. नेणार असशील तर मी तयार आहे, मला भीती नाही. मी गेल्यावर हिला सांभाळ. हिच्यामुळे माझा संसार निभावला, हे मी हिला कधी बोललो नाही. पोरीला रडू दे, पण मंडळी सोडू देऊ नकोस. येशूच्या नावानं मागतो."

आणि थांबले. आमेन म्हणायचं कोणाचं धाडस होईना; म्हटलं तर त्यांचं जाणं कबूल केल्यासारखंच. बाबा डोळे मिटून आईसाठी थांबले होते. शेवटी आईने तोंडावरचा पदर बाजूला केला आणि म्हणाली, "आमेन." माझी छाती एकदम हलकी झाली. इतके महिने घसा कोरडा करून जी शांती मागत होतो, ती बाबांकडे आधीपासूनच होती.

त्यानंतर घर मोकळं झालं. आई त्यांच्या उशाशी बसून विचारू लागली: कुठली गीतं म्हणायची, दफन कुठे करायचं. मलाही किती विचारायचं होतं! पण तोवर बाबांना दम पुरेना. दोन शब्दांत धाप लागायची, मग तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ते फक्त मान हलवायचे.

पुढे संकटं आली तेव्हा बाबांच्या त्या भरवशावरच मी तरले, हे खरं. पण हळहळ काही जात नाही. त्यांना आमच्याशी बोलायचं होतं, तेव्हा आम्ही मोठमोठ्यानं देवाशीच बोलत बसलो.